मुद्देमाल क्रमांक अकरा

निकालपत्र टाइप करायला बसले तेव्हा
सीबीएसवर पेठची शेवटची गाडी लागलेली.
साहेब जाता जाता म्हणाले,
तिचं नाव कुठंही येता कामा नये, बघा.
कायदाच आहे तसा. चांगला आहे.

आरोपीचं मात्र सगळं येतं.
हेमराज ऊर्फ राजूशेठ,
वय एकेचाळीस, धंदा मजूरपुरवठा,
राहणार सातपूर, घर नंबर, गल्ली,
बापाचं नाव, त्यापुढं कंसात मयत.
मी सगळं घेतलं, स्वल्पविरामांसकट.
मग ती आली:
पीडिता क्र. २.

एकशे त्रेचाळीस ठिकाणी होतं नाव.
मशीननं विचारलं, सगळीकडे बदलू?
हो म्हटलं.
डोळा लवायच्या आत नाहीशी झाली.

पण तिचं नाव म्हणजे
आपल्या रोजच्या बोलण्यातला एक शब्द.
तो पंचाच्या जबाबातही होता,
त्याच्या साध्या अर्थानं.
तिथंही आता पीडिता क्र. २ बसली
आणि वाक्य मोडलं.
ते वाक्य इथं लिहीत नाही.
तुम्ही ओळखाल.

साक्षीला पडदा लावला होता,
सिव्हिलमधून आणलेला, हिरवा, चाकांचा.
जमिनीपासून वीतभर वर.
राजूशेठ दिवसभर
त्या वीतभर फटीतून तिचे पाय बघत होता.
कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं,
मी खाली बसते, नजर तेवढीच जाते.
ती तीनदा पाणी मागून गप्प झाली.
वकील म्हणाले, साक्षीदार उत्तर टाळते आहे.
मी तसंच घेतलं.
दुसऱ्या दिवशी ती आली
हवालदार गांगुर्डे मॅडमचे बूट घालून.
दोन नंबर मोठे.
त्या दिवशी बोलली. सलग, दुपारपर्यंत.

सुरगाण्याकडची.
द्राक्षाचा सीझन, पिंपळगावला पॅकहाऊस,
राहणं-जेवण धरून रोज साडेचारशे.
जीपमध्येच कार्ड दिलं प्रत्येकीला:
फोटो, प्लॅस्टिकचं कव्हर, निळी दोरी,
आणि छापील अक्षरात नाव.
रेशनकार्डात तिचं नाव चढलेलं नव्हतं,
शाळेतलं चौथीत कमी झालेलं.
छापलेलं असं तिनं पहिल्यांदाच पाहिलं.
वाटेत वणीच्या पुढं, ती म्हणाली,
दोनदा वाचलं. बरोबर होतं.
जीप पिंपळगावला थांबली नाही.
हायवेच्या लॉजवर कार्ड कुणी मागितलं नाही.
तरी गळ्यात ठेवलं तिनं. बारा दिवस.

शिक्षा झाली, दहा वर्षं, सक्तमजुरी.
मागं बसलेली राजूशेठची म्हातारी रडली,
तिलाही पाणी दिलं शिपायानं.
नुकसानभरपाईची शिफारस.
नाव सीलबंद लिफाफ्यात, लिफाफा तिजोरीत.
शेवटच्या परिच्छेदात मुद्देमालाची विल्हेवाट:
रोख रक्कम सरकारजमा,
मोबाइल तीन, सरकारजमा,
क्रमांक अकरा, ओळखपत्र, बनावट, किंमत शून्य,
अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावे.

ती जिन्याजवळ उभी होती, संस्थेच्या ताईसोबत.
मला म्हणाली, बाई, तो कार्ड मिळंल का?
मी म्हटलं, अर्ज करावा लागेल.
अर्जावर काय लिहू, म्हणाली, नाव का नंबर?

मला माहीत नव्हतं.
पंधरा वर्षं झाली या कोर्टात.

पंचाच्या जबाबातला शब्द मी परत घातला,
हातानं, एकटाच,
साध्या अर्थाचा म्हणून.
साहेबांची सही झाली. कुणी काही म्हणालं नाही.

काल मेहेर सिग्नलपाशी एक बाई
फोनवर कुणाला तरी तो शब्द म्हणाली,
सहज, मोठ्यानं.
मी ब्रेक दाबला.
मागच्या रिक्षावाल्यानं शिवी दिली
आणि सिग्नल सुटला.